दोन नाशिकरोड

गावच्या छोट्या स्टेशनावर तिकिटाच्या खिडकीशी सायलीच्या पुढं एक म्हातारं जोडपं उभं होतं, आणि सायलीला घाई होती.

“दोन नाशिकरोड द्या, मास्तर.”

“आजी, रोज तिकीट काढता, पण गाडीत काही बसत नाही.”

“गुडघ्यांनी जीव काढलाय. पायरी चढवत नाय.”

“मग तिकीट कशाला?”

“तुम्हीच म्हणले ना, तिकिटं खपली नाय तर गाडी इथं थांबायची नाय. माझ्या सासऱ्यानं या स्टेशनाला दगड वाहिलेत. अन् मी नवरी होऊन उतरले ती याच फलाटावर.”

“रडत उतरली होती,” म्हातारा म्हणाला.

“तुम्ही गप बसा. थांबलेली गाडी डोळ्यांनी बघतो, मंग घरी जातो आम्ही.”

“आज तासभर लेट आहे, आजी.”

“येऊ द्या सावकाश. आम्हाला कुठं जायचंय?”