लीग बंद करणारा गुडघा

...आणि वर म्हणतात काय, तर लीग डेसने बंद केली! आमच्या आजोबांच्या काळापासून चाललेली फुटबॉल लीग, आणि ती बंद केली कोणी, तर मी? अहो, मला घरातला नळ धड बंद करता येत नाही, विचारा ग्लेनिसला, म्हणजे माझ्या बायकोला, ती तर वाटच बघत असते कोणी विचारायची... पण ते नळाचं राहू द्या.

तुम्हाला सांगतो, मी खेळणं केव्हाच सोडलं होतं. म्हणजे तसा मी खेळायचो कुठे, ऐन तारुण्यातसुद्धा राखीव संघातला राखीव, पण निरोपाचं भाषण मात्र दणक्यात केलं होतं बरं का, रडलोसुद्धा, आणि तिसऱ्याच शनिवारी स्पायरोचा फोन! स्पायरो म्हणजे आमच्या टॅनरी रोड क्लबचा अध्यक्ष, मासळीचं दुकान आहे त्याचं, फोनवर बोलला तरी वास येतो. म्हणाला, "डेस, एक माणूस कमी पडतोय रे. पळायचं नाही, उडी मारायची नाही, चेंडूच्या वाटेलाही जायचं नाही. तू फक्त उभा राहा."

आता फक्त उभं राहायला काय लागतं, सांगा! गेलो. ग्लेनिस म्हणाली, घरी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला उठत नाहीस आणि तिकडे अख्खी दुपार उभा राहणार? म्हटलं, तिकडे माझी गरज आहे.

आणि गरज वाढतच गेली हो! तेव्हा बारा क्लब होते. एकाचं मैदान सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये गेलं. दोघांनी एकत्र यायचं ठरवलं, जर्सीचा रंग कोणाचा यावरून भांडले आणि दोघेही बुडाले. आमचं फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचं, पण पोरं कोणी त्या नुसत्या पायाने खेळायच्या सॉकरकडे गेली, कोणी शनिवारच्या पाळीत अडकली, आमचा सगळ्यात चपळ पोरगा लग्न करून क्वीन्सलंडला गेला, आता तिथे जायला काय हरकत होती त्याला हंगाम संपल्यावर... आणि दर वेळी स्पायरोचा फोन, "डेस, तू फक्त उभा राहा." पोट सुटलं, उभा राहिलो. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, उभा राहिलो. नातू झाला त्या दिवशीसुद्धा अर्धा वेळ इस्पितळात आणि अर्धा वेळ गोलच्या खांबापाशी, आणि खरं सांगतो, दोन्हीकडे माझा उपयोग सारखाच.

शेवटी राहिले दोन क्लब. आम्ही आणि सेंट ब्रेंडन्स. एका शनिवारी आम्ही त्यांच्याशी, पुढच्या शनिवारी ते आमच्याशी! आम्ही एकही सामना न जिंकता उपविजेते झालो, ढाल मिळाली, ती घेताना स्पायरोने टाय घातला होता. माझ्यावर पहारा ठेवायला त्यांचा आल्डो, तोही माझ्यासारखाच, त्यालाही कोणीतरी फोन करून फक्त उभं राहायलाच आणलेला. त्याच्या मुलीचं लग्न आम्ही त्या खांबापाशी जमवलं, मोडलं आणि पुन्हा जमवलं. टोमॅटोला कीड लागली तर काय फवारायचं ते मी तिथेच शिकलो. चेंडू आमच्या बाजूला आला की आम्ही दोघं जरा सरकून त्याला वाट द्यायचो. हसू नका. मला तो आठवडाभर पुरायचा, तो शनिवार.

मग ती सभा. ठराव होता लीग बंद करायचा. आता आमच्याकडे मतदानाला हात वर करत नाहीत, कारण निम्म्या लोकांचे खांदे कधी ना कधी निखळलेले, हात वर जातच नाहीत, मग मोजणीत भांडणं. म्हणून पूर्वीपासून पद्धत अशी की ठरावाच्या बाजूने असाल तर उभं राहायचं, विरोधात असाल तर बसून राहायचं. आल्डो आणि मी ठरवून गेलो होतो, बसायचं. काही झालं तरी बसायचं. जन्मात पहिल्यांदा मला नुसतं बसायचं होतं हो!

आमच्या चेअरमनबाई, मॉरीन, तासभर बोलल्या. तासभर! आणि हा माझा गुडघा, अर्ध्या तासाच्या वर दुमडून ठेवला की अशी कळ येते... दाबून धरली, ओठ चावले, पण मॉरीन म्हणाल्या, "ज्यांना लीग बंद व्हावी असं वाटतं त्यांनी—" आणि गेली ती कळ थेट मांडीपर्यंत, आणि मी ताडकन उभा!

एकटाच.

सगळं सभागृह माझ्याकडे बघतंय. स्पायरो हळूच म्हणाला, "डेससुद्धा?" आणि डोळे पुसत उठला. मग त्याच्या मागचे. मग आल्डो, ठरवून बसलेला आल्डो, माझ्याकडे बघत उठला, म्हणजे त्याला वाटलं मला काहीतरी कळलंय! मी तोंड उघडलं, तर मॉरीन म्हणतात, "बोलू नकोस, डेस. समजलं आम्हाला." काय समजलं, बाई? गुडघा? पण सगळे उभे, कोणी कोणाचा खांदा धरून रडतंय, आता काय सांगू, कळ आली होती म्हणून? बसलेले एकटे वॉलीआजोबा, तेही झोपलेले. पुढच्या वर्षी माणसं जमलीच नसती, हे मलाही कळतं. पण बसलो असतो तर एक हंगाम तरी... जाऊ द्या. वाईट वाटतं, फार वाटतं.

आता मैदानावर लोक कुत्री फिरवतात. शनिवारी दुपारी घरात करमत नाही, म्हणून जातो, आणि पाय आपोआप त्या खांबापाशी. परवा एक बाई आल्या, म्हणाल्या, कोणाची वाट बघताय का? म्हटलं, नाही हो, सहज. तर हातात कुत्र्याचा पट्टा देऊन म्हणतात, "मग गाडीतून पाणी आणेपर्यंत याला धरता का? काही करायचं नाही. तुम्ही फक्त उभे राहा."

राहिलो.