उसळीच्या कड्यावरचं धनुष्य

मंडळी, एक सांगा — डोळे धड आहेत, उजेड भरपूर आहे, वस्तू अगदी समोर आहे, आणि तरी माणसाला ती दिसत नाही, असं होतं का हो? काका मान हलवतायत, नाही होत म्हणून. मग ऐका!

कोकणच्या किनाऱ्यावर खारवेळ नावाचं गाव. तिथं समुद्रात घुसलेला एक काळा कातळ, त्याला म्हणतात उसळीचा कडा. कातळाखाली पोकळी, वर भोक. भरतीची लाट आत शिरली की भोकातून पाणी उडतं — माडाएवढं! आणि सकाळचं ऊन पाठीशी असलं, की त्या तुषारांत इंद्रधनुष्य उभं राहतं. अहाहा! काय त्या जगदीशाची कारागिरी! रंग नाही, कुंचला नाही, आणि चित्र क्षणात तयार!

या गावची रत्नप्रभाताई तांडेल. चाळीस वर्षं कालवं, म्हणजे कातळाला चिकटलेले शिंपले, काढताना तिनं ते धनुष्य पाहिलं. आता मुलगा तिला कायमची नागपूरला नेणार — उद्याच! तिनं धाकट्या भावाला, जनार्दनाला बोलावलं. त्याचा तालुक्याला फोटो स्टुडिओ.

"जना, नागपुराक समुद्र नाय. माझ्या धनुष्याचो एक फोटो काढून दी. बाकी माका काय नको."

दिवस एकादशीचा. ताईनं बोटांवर हिशेब केला — अकरावी तिथी, तिची पाऊणपट, म्हणजे सव्वाआठला पूर्ण भरती. घड्याळ नको, पंचांग नको! आठला दोघं कड्यावर हजर. जनार्दन मोठा कसबी. पाण्याची चकाकी फोटो बिघडवते, म्हणून त्यानं कॅमेऱ्यावर खास काच चढवली, फिरवून नीट बसवली, आणि डोळा लावला तो लावलाच! एक क्षण चुकायला नको ना!

धाड्! पाणी उडालं.

"इला बघ! तांबडा, पिवळा, निळा!"

"खंय आसा, ताय? नुसतो पांढरो फेस!"

दुसरी उसळी. तिसरी. ताई टाळ्या वाजवतेय, आणि याला फेसच! घाम फुटला बिचाऱ्याला. साडेआठ झाले, पाणी उतरायला लागलं. शेवटी चिडून म्हणाला, "ताय, तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू इलोहा, म्हणान तुका रंग दिसतत!"

काय बोलला हो हा! ज्या बहिणीनं कडेवर घेऊन वाढवलं, तिला! ताईचा चेहरा उतरला. "बरा तर," एवढंच म्हणाली. समुद्राचा निरोप घ्यायला आणलेला नारळ उचलला आणि चालू लागली थेट कडेला!

"ताय, निसरडा आसा!" — जनार्दनानं घाबरून कॅमेऱ्यातून डोळा काढला. आणि मंडळी! नारळ धरून उभी त्याची बहीण, आणि तिच्या डोक्यावर अख्खं धनुष्य!

पुन्हा कॅमेऱ्यातून बघतो — गडप! डोळ्यानं बघतो — आहे! तेव्हा उमगलं. अहो, ते रंग म्हणजे तुषारांतून परतलेली उन्हाची चकाकीच, आणि याची काच नेमकी तीच गिळत होती! त्यानं काच उपटून काढली. शेवटची, कमरेएवढी उसळी आली. खटक्!

मग कॅमेरा खाली ठेवून त्यानं ताईचे पाय धरले. "माझा चुकला गो."

"ऊठ मेल्या," ताई डोळे पुसत म्हणाली, "आता उघड्या डोळ्यांनी बघ. अजून एक येतली."

आली नाही ती. भरती ओसरली होती. चार वर्षांचा असल्यापासून जनार्दन ताईच्या या सासरगावी जायचा, पण कड्यावर कधी फिरकला नाही; आता ताई निघाली, आणि ताईच्या शेजारी उभं राहून ते धनुष्य बघणं आयुष्यभरासाठी राहून गेलं!

मंडळी, देव दिसत नाही म्हणून तुम्ही माझ्याकडे येता. तो काय लपून बसलाय? आपल्याच शहाणपणाची काच आपण चढवलीय, आणि शेजारी उभं राहून "बघ, बघ" म्हणणाऱ्यालाच आंधळं ठरवतोय! तुमच्या घरात असं कोण आहे, आठवा. आज घरी गेल्यावर आधी त्या माणसाजवळ बसा, आणि विचारा — तुला काय दिसतंय? बोला, डोळ्यांपुढे उभ्या असलेल्या पांडुरंगाचा जयजयकार!