फुंकू नका, दिवा आहे तो!

अहो, अहो, तुम्ही पण? फुंकू नका! इतक्यात तर मुळीच नको! काय आहे बघा, आमच्या घरात पाऊल टाकलं की माणसाचे गाल आपोआप फुगतात. दूधवाला फुंकतो, मीटर बघायला आलेला फुंकतो, खालच्या काकू तर दम्याच्या पेशंट, त्या पंप बाजूला ठेवून फुंकतात! मी आपला घसा कोरडा करतोय, फुंकू नका, दिवा आहे तो! दोष त्यांचा नाही म्हणा... केलाच आहे तसा हुबेहूब. ते डँडेलियन असतं ना, पांढरा गोळा, फुंकर मारली की म्हाताऱ्या उडतात आणि आपण वय विसरून मागे पळतो, ते!

तुम्हाला सांगतो, जन्म गेला माझा छत्र्या दुरुस्त करण्यात. दुकानात मोडक्या काड्यांचा ढीग. लोकांना भंगार दिसतं, मला फूल दिसलं! आणि एकदा दिसलं की दिसतच राहतं हो... बाटली धुवायचा ब्रश घ्या, नातीच्या टोपीवरचा लोकरीचा गोंडा घ्या, सगळीकडे तेच! ही म्हणाली, "डोळे तपासून घ्या." घेतले. नंबर तोच! मग बसलो. काडी न् काडी घासली, टोकांना पांढऱ्या दोऱ्याचे झुपके, मधे बल्ब, आणि टांगला हॉलमध्ये. लावला तर भिंतभर फुलंच फुलं! स्वतःच्याच हातांकडे बघत बसलो. खोटं कशाला बोलू, छाती फुगली.

आणि ही काय म्हणते? "रविवारी व्याही येतायत. त्यांनी नाक मुरडलं, तर हे जाळं माळ्यावर!"

जाळं! आणि व्याही कोण? रिटायर्ड हेडमास्तर! मुलीच्या लग्नातल्या प्रत्येक फोटोत असे उभे, जसे नापासांची नावं वाचतायत. नाक तर त्यांचं जन्मतःच मुरडलेलं!

आले. बसले. वर बघितलं. उठले... मी मनात म्हणतोय, फुंकू नका हो, निदान तुम्ही तरी... फूऽऽ! आता काय उडणार? लोखंड ते! त्यांचा चेहरा असा पडला, खेळणं मोडलेल्या पोरासारखा. "उडत नाही होय..." म्हणाले आणि खाली बसायला लागले. संपलं! मला माळ्याची शिडी दिसायला लागली.

तेवढ्यात दारामागून ही, "व्याहीसाहेब, जरा जोरात!" त्यांनी पुन्हा फूऽऽ केलं आणि... खट्! दिवा विझला!

मी वायर बघतोय, शॉर्ट झाली की काय, आणि ही बटणाशी उभी, हातानं तोंड दाबून! व्याही असे हसले, असे हसले, चष्मा काढून डोळे पुसले! "विहीणबाई, परत लावा!" ही लावते, ते फुंकतात, खट्! परत लावते, परत फुंकतात, खट्! त्यांच्याबरोबर आलेली आमची मुलगी आ वासून बघतेय. सासऱ्यांना हसता येतं, हे तिला तेव्हा कळलं!

माळ्याचं नाव परत निघालं नाही. व्याही आता दर रविवारी येतात, फुंकायला! आणि ही सगळ्यांना सांगते, "आमचा दिवा! फुंकरीनं विझतो!" जाळ्याचा दिवा झाला, माझा होता तो आमचा झाला... असू दे. बघितला की छाती अजून फुगतेच. अडचण एवढीच, पाहुणे आले की हिला बटण सोडून हलता येत नाही.

हं, आली बघा, उभी राहिली. फुंका आता बिनधास्त... मी चहाचं आधण ठेवतो.