फोनवरचं सॉरी

— ‘शेजारच्या ताई घर सोडून गेल्या, आणि का माहितीये, साहेब त्यांना सॉरी...’ एवढंच ऐकलं मी, भाऊजी. इस्त्रीवाला दूधवाल्याला सांगत होता जिन्यात, आणि मी दिसले तसे दोघंही हवापाण्यावर आले. अर्धवट ऐकलं की मला जेवण जात नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. या, दारात उभे राहू नका. खुर्चीवरचे कपडे सरकवा तिकडे — अहो, घडी मोडली तर मोडू दे, सॉरी कशाला? बघा, झाली सुरुवात.

तुमचं तरी काय चुकलं म्हणा. दिवसभर फोन कानाला लावून फ्रिज बिघडलेल्यांच्या शिव्या खायच्या, आणि प्रत्येकाला आधी सॉरी म्हणायचं. ताईंनीच सांगितलं मला — तुमच्या कॉल सेंटरात म्हणे शिकवतातच, समोरचा कितीही ओरडला तरी आधी सॉरी, मग ‘तुमची अडचण मी समजू शकतो’, आणि फोन ठेवताना ‘आणखी काही?’. फ्रिज तुम्ही बनवला नाहीत, बिघडवला नाहीत, पण सॉरी तुम्ही. तसा सोयीचा शब्द आहे हो. ‘माफ कर’ म्हणायला आपली जीभ वळत नाही, नवऱ्याची बायकोपुढे तर नाहीच. हा कसा, पटकन निसटतो. धक्का लागला, सॉरी. मीठ जास्त झालं, सॉरी. आमचे हे गेले तेव्हा डॉक्टर बाहेर येऊन तेच म्हणाले, मग ह्यांच्या ऑफिसातले, मग खालच्या मजल्यावरचे — आणि मी आपली सगळ्यांना ‘असू दे, असू दे’, जसा काही कुणी माझ्या पायावर पाय दिलाय. आत काही हललंच नाही, भाऊजी. अजूनही हलत नाही. जाऊ दे, माझं कुठे काढलं.

पण परवा — मी कान लावून बसले नव्हते, भिंतच पातळ आहे — परवा ताई तुम्हाला म्हणाल्या ना, रिपोर्ट आला, गाठ साधी नाहीये म्हणून? तेव्हा तुम्ही काय म्हणालात? ‘सॉरी. तुमची अडचण मी समजू शकतो.’ — तुमची! बायकोला! अगदी त्या फोनवरच्या आवाजात. मी ताईंना म्हटलं, अहो, हादरलेत ते, तोंडात जे रोज बसलंय ते आलं बाहेर. तर म्हणतात कशा, ‘मला वाटलं, आता माझा तक्रार नंबर देतील.’ आणि हसल्या. चांगल्या हसल्या, मग चहा तसाच ठेवून आत जाऊन पडल्या, अजून —

आत म्हणजे? आत म्हणजे... आत. आता काय लपवू तुमच्यापासून. हो, इथेच आहेत, दुपारपासून. बॅग घेऊन निघाल्या होत्या भावाकडे. इस्त्रीवाल्यानं तेवढंच पाहिलं. अर्ध्या जिन्यातून परत फिरल्या आणि माझी बेल वाजवली.

उठू नका. बसा म्हणते ना. आत जाऊन काय म्हणणार आहात? — तेच ना? ओठ हलले तुमचे, दिसलं मला. उद्या सकाळी ऑपरेशनसाठी दाखल व्हायचंय. बरोबर येशील का, हे त्यांनी मला विचारलंय. मला. नवरा भिंतीपलीकडे असताना शेजारणीला. मी हो म्हटलंय, पण ही माझी जागा नाही, भाऊजी.

आणि सॉरी म्हणालात म्हणून नाही हो गेल्या त्या. ते तर त्यांनी गिळलं होतं. इस्त्रीवाल्याचं तेवढं चुकलं. काल रात्री ताटं उचलताना तुम्ही विचारलंत, ‘आणखी काही?’ — त्या ‘नाही’ म्हणाल्या — आणि तुम्ही जाऊन झोपलात. झोप लागली तुम्हाला. त्या तुमचं घोरणं ऐकत बसल्या होत्या.

बरं, उठा आता. त्यांचा चष्मा तुमच्या घरी राहिलाय, तेवढा घेऊन या. माझ्या हातात नका देऊ, आत नेऊन द्या. आणि तोंड उघडू नका. जा.