मार्थाबाईचा डबा

कुरखेड्याच्या बसस्टँडवर मी गडचिरोलीच्या बसची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर मार्थाबाई मांडीवर डबा घेऊन बसली होती आणि तिची शेजारीण आशाबाई तिला विचारत होती.

“डबा कोनासाठी व, मार्थाबाई?”

“सलोमीसाठी. मोहा वेचताना पडली, पाय मोडला. गडचिरोलीले दवाखान्यात हाये.”

“सलोमी म्हंजे तुही जाऊबाई ना? तिच्यासंग तं तू नऊ वर्सांपासून बोलत नाई.”

“आताई नाई बोलत. उपासाच्या चाळीस दिवसांसाठी आमच्या चर्चमंधी चिठ्ठ्या काढतेत. ज्याचं नाव निंघन, त्याची सेवा कराची. मले तिचं निंघालं.”

“बदलून मांगाची ना.”

“मांगतली. फादर हासले अन् निंघून गेले.”

“भांडन कायचं होतं तुमचं?”

“वेदीवरचा कपडा धुवाचा नंबर माहा होता. तिनं धुतला.”

“बस, इतकंच?”

“माह्यापेक्षा पांढरा निंघाला.”

“मंग दवाखान्यात काय करते तू?”

“डबा ठेवते. ते जेवते. मी खिडकीतून बाहेर पाह्यते.”

“प्रार्थना?”

“रोज करते. तिचं नाव घेत नाई. देवाले समजते.”

“पन तुमचा ईस्टर तं परवाच झाला. चाळीस दिवस सरले ना?”

“सरले.”

“मंग आज काऊन चालली?”

“माहा डबा तिच्यापाशी राह्यला. तो आनाले चालली.”

“अन् हा मांडीवरचा?”

“हा बी तिथीच राह्यन. उद्या आनाले जावं लागन.”