काकूच्या टीव्हीवर माझा चेंडू

आज माझं पोट कॉम्प्युटरवर चालते ना, ते लाखनीतल्या आमच्या शेजारच्या शांताकाकूमुळं. मी शाळेत होतो तवा घरचा कॉम्प्युटर टीव्हीले जोडा लागे. मशीन माझी, टीव्ही काकूचा. एका इतवारी दुपारपासून काकूच्या घरी एक प्रोग्राम टाइप करून राहिलो होतो. मशीन नुसती 'चूक' म्हणे, कुठं ते सांगेच ना. तेवढ्यात पिच्चर पाहाले सारी गल्ली येऊन बसली.

"काढ ना रे ते!" कोणीतरी ओरडलं.

"बंद केलं तर सारं पुसलं जाते, काकू."

काकू गल्लीकडे वळली. "पिच्चर पुढच्या इतवारीबी येते. पोराचं होऊ द्या."

शेवटी पडद्यावर एक पांढरा चेंडू टुणटुण उडाला. बस, तेवढंच. टाळ्या एकट्या काकूनं वाजवल्या.

पुढच्या इतवारी भर पिच्चरात काकूची हाक आली, "बाबू, आण रे तुझा चेंडू! हा पिच्चर भलताच रडका हाये."