बापूच्या पानाला आधार न्हाई

आमी माणदेशातले, मेंढरामागं हिंडणाऱ्यांचे. बाप दात बघून मेंढराचं वय सांगायचा, मी फोन नुसता हातात धरला की त्यातला ब्राउझर किती जुना ते सांगतो. आता तासगावात वेबसाइटी बनवतो. सीएसएस म्हंजी वेबसाइटीच्या पानाला रूप देणारी भाषा, तिच्यात रोज उठून कायतरी नवं येतं, आन माजा नेम एकच, समद्या ब्राउझरात चालाय लागल्याबिगर त्याला हात लावायचा न्हाई. एकेक गोष्ट समद्यांकडं पोचेपातूर माजी दाढी दोनदा पिकली.

आन हा बापू, आष्ट्याचा, माज्याच वर्गातला. काय सांगू तुमाला, नवं सकाळी आलं की दुपारी ह्याच्या पानावर. लोक म्हणायचे, बापूच्या पानावर फोटो बघ कसं सरकत्यात. माज्या पोटात असा जाळ व्हायचा की त्यावर चार टन बेदाणा वाळला असता.

तवा बेदाण्याचे मोठे व्यापारी अण्णा, त्यांना वेबसाइट पायजे हुती. म्हणाले, दोघंबी एकेक पान करून आणा, आवडंल त्याला काम. बाकीचे व्यापारी अण्णांचं बघूनच करत्यात, म्हंजी हे गेलं की समदंच गेलं. मी आधीच कानाला लागलो, आवं अण्णा, बापूच्या पानाला जुन्या फोनात आधार न्हाई. सपोर्ट म्हणायचं ते शुद्ध मराठीत बोलाय गेलो, तितंच घात झाला. पानं घेऊन आमी दोघं अण्णांच्या गोडाऊनात गेलो, तर अण्णा बापूला म्हणाले, तुज्याकडं आधार न्हाई म्हणं. बापूनं खिशातनं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. समदं गोडाऊन हसलं.

मग मी ठेवणीतला फोन काढला, इतका जुना की चार्जिंगला लावला की गल्लीतली लाइट मंद व्हायची. ह्याच्यात उघडा म्हणलं. मनात म्हणलं, आता फुटतंय पान. उघडलं तर फोटो एकाखाली एक, गुमान, नीटनेटके. अण्णांच्या नव्या फोनात तेच फोटो सरकत हुते. हे कसं रं, मी इचारलं. बापू म्हणाला, गड्या, पान आधी फोनाला इचारतं, तुला हे येतंय का. न्हाई म्हणला तर साधं दाखवतं. तू समद्यांसाठी कशाला थांबलास. आवं, इचारायची ती ओळ मला ठावी हुती, पर मी तिचीबी वाट बघत बसलो हुतो.

काम बापूला गेलं. आता मीबी फोनाला इचारून नवं टाकतो, कुणी शिकवलं ते सांगत न्हाई. रोज चहाच्या आधी अण्णांची वेबसाइट उघडून बघतो, कुठं फुटलीया का. फुटत न्हाई. चालू दे त्याचं, गुणी हाय, लेकराबाळांत सुखी ऱ्हाऊ दे त्याला. पर एखादा फोटो, बोटभर का व्हईना, माज्या देखत वाकडा दिसावा, एवढंच.